रेंज माजघरापर्यंत

उरणला आता काहीच लांब राहिलेलं नाही. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी उरणच्या लोकललाही झेंडा दाखवला गेला. सेतू २१.८ किलोमीटरचा, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून. शिवडीहून निघालेली गाडी चहा थंड व्हायच्या आत न्हावा-शेव्याला लागते. आमच्या ओटीवरून निघालेला वायफाय मात्र मागच्या खोलीत पोचत नाही. मधे समुद्र नाही, काकांची भिंत आहे.

गावठाणातलं घर नकाशा काढून बांधलेलं नसतं, ते वाढत जातं. आधी आजोबांचं माजघर, मग जमीन गेल्याच्या पैशांतून पुढची खोली, मग काका बंदरात कामाला लागल्यावर वरचा स्लॅब. त्यामुळे प्रत्येक भिंतीला इतिहास आहे, आणि माजघराचा इतिहास तर दीड फूट जाड आहे.

नवा राउटर घ्यायचं ठरलं तसं घरातल्या प्रत्येकाला मत फुटलं. काकांचं शास्त्र सोपं होतं: अँटेना जास्त, रेंज जास्त. दुकानात त्यांनी सहा अँटेनांचा राउटर हेरला आणि चारच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पुतणी खोक्यावरच्या ‘३०००’ या आकड्यावर भाळली. तो आकडा म्हणजे दोन बँडची कागदावरची बेरीज. साधा मोबाइल एका वेळी एकाच बँडवर चालतो, आणि आमचं कनेक्शनच मुळात शंभर एमबीपीएसचं.

दोन्ही बँडचे स्वभावही वेगळे. ५ गिगाहर्ट्झचा जोरात धावतो, पण भिंत दिसली की दम टाकतो. २.४ चा भिंतीतून वाट काढतो, पण तिथे गर्दी फार. एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आणि गावठाणात घराला घर चिकटलेलं. मोबाइलवर यादी उघडली की ‘आई एकविरा’, ‘जय हनुमान ५जी’, ‘पासवर्ड मागू नये’ अशी अख्खी आळी हजर. त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की तोही त्याच पट्ट्यात शिरतो.

मेहुणा सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये, कामाला असल्याने जगातली कुठलीही गोष्ट तो कंटेनरवरून समजावतो. “दाजी, रिकाम्या चाळीस फुटीत शिरून दार ओढून घ्या, मोबाइलची रेंज गुल. लोखंड आहे ना! आणि तुमचा राउटर कुठाय? लोखंडी कपाटामागे!” तो तिथे होता, कारण इंटरनेटवाल्याची वायर त्याच खिडकीतून आत आली होती. राउटर घराच्या मध्यावर आणि उंचावर हवा, असं मेहुण्याचं म्हणणं. घराचा मध्य म्हणजे माजघर आणि तिथली उंच जागा म्हणजे देव्हाऱ्यावरची फळी. आजीने एकदाच वर पाहिलं. “देवाच्या डोक्यावर लुकलुकनारा डबा? मना नाय चालाचा.” विषय संपला.

राहिला वरचा मजला. उभ्या अँटेनाचा सिग्नल मेदूवड्याच्या आकारात पसरतो. चहूबाजूंनी भरपूर, नेमका डोक्यावर आणि पायाखाली भोक. चुलतभावाची खोली बरोबर त्या भोकात येते. एखादी अँटेना आडवी केली की थोडा सिग्नल वर चढतो, पण पुढे स्लॅब आणि त्यातल्या सळ्या आहेतच. दुकानदाराने रिपीटर सुचवला. साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा सांगतो. निम्मा वेळ ऐकण्यातच जातो, म्हणून वेगही निम्म्यावर येतो.

शेवटी उत्तर आमच्याच तालुक्यात सापडलं. घारापुरी बेटावर वीज पोचली ती २०१८ साली, समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून. पोचवायचंच असेल तर तार टाका! आमचं काम जेमतेम तीस फुटांचं, आणि लॅन केबल शंभर मीटरपर्यंत कुरकुरत नाही. खाली साधा ड्युअल बँड राउटर, वरच्या छताला ॲक्सेस पॉइंट, मधे कॅट-६ केबल असं ठरलं.

“बिनतारीचे पैसे मोजायचे आणि वर तार ओढायची?” काका कडाडले. भिंतीला भोक पाडायला त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर: भोक त्यांच्या टीव्हीमागे निघालं पाहिजे आणि पहिली वायर टीव्हीला लागली पाहिजे. इलेक्ट्रिशियनचं ड्रिल प्लास्टर सहज फोडून गेलं आणि आतल्या दगडावर किंचाळत थांबलं. घरभर लाल धूळ उडाली. आजीने देव्हाऱ्यावर पंचा टाकला.

आता टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह चालू असल्या की चेंडू हवेत गोठत नाही, खाली येतो आणि कॅचही सुटतो. वरच्या खोलीतही तसंच चालतं का, हे बघायला काका जिना चढून येतात. छतावरच्या पांढऱ्या तबकडीभोवती फिरून एखादी तरी अँटेना दिसते का पाहतात. मग मॅच एक पूर्ण ओव्हर अडखळत नाही याची खात्री करून म्हणतात, “चालतंय. पण अँटेना असत्या तर अजून चाललं असतं.”