प्रयोग करून पाहा (परवानगीने)

विज्ञान कृतीतून कसं शिकवावं, याचं प्रशिक्षण आमच्याकडे खुर्चीत बसून घेतात. सुलभक बोलतात, पन्नास गुरुजी ऐकतात. पडद्यावर स्लाइड येते : 'मुलांना प्रश्न विचारू द्या.' मागून एक बाई हात वर करतात. 'प्रश्न शेवटी!' शेवटी चहा, सही आणि फोटो. फोटोत बॅनर पूर्ण आला पाहिजे, ही त्या दिवसातली एकमेव काटेकोर कृती.

मग गुरुजी शाळेत परततात. साहित्याचं कपाट असतं, कुलूपही असतं. परीक्षानळी फुटली तर डेडस्टॉकच्या नोंदवहीत काय लिहायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. त्यामुळे प्रयोग फळ्यावर होतो. फळ्यावरची नळी फुटत नाही.

चुकून प्रयोग झालाच तर मेणबत्तीचा. ताटलीत पाणी, पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. ज्योत विझते, पाणी चढतं. उत्तर पाठ असतं : हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली. अशात एखादी आगाऊ पोर तीन मेणबत्त्या लावते आणि पाणी आणखी वर चढतं! ग्लास तोच, हवा तेवढीच. मग ऑक्सिजन वाढला कुठून? वाढला नाहीच. सगळा संपण्याआधीच ज्योत विझलेली असते. मुख्यतः तापून फुगलेली हवा निवली, आकसली, म्हणून पाणी वर ओढलं गेलं. पण पोरीला उत्तर मिळतं ते वेगळंच : 'दोन विझव. परीक्षेला एकच येते.'

या गुरुजींना हसण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात कोणी कधी तीन मेणबत्त्या दिल्याच नाहीत.

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात दिल्या होत्या. 1972 साली प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, खेड्यापाड्यांतल्या 16 शाळांपासून. तिथे उन्हाळी शिबिरात शिक्षकच प्रयोग करायचे, चुकायचे, तज्ज्ञांशी हुज्जत घालायचे. विद्यापीठांतले शास्त्रज्ञही 'माहीत नाही, करून बघू' म्हणायला लाजत नसत. (आपल्याकडे हे वाक्य उच्चारलं तर गोपनीय अहवाल बिघडेल.) परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा, शिवाय प्रयोग करून दाखवायचे. मुलांच्या शंका पत्राने 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक इसमाकडे जायच्या आणि त्यांना उत्तरं यायची. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले ते तिथेच. 1982 पासून 'एकलव्य' संस्थेने काम पुढे नेलं, शाळा हजाराच्या घरात गेल्या.

2002 साली राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. शिक्षक तीस वर्षं स्वतः प्रयोग करत होते. सरकारच्या मते तेवढं पुरेसं झालं असावं.