हवापालटाचे मानकरी

पुण्यात उकडत नाही. उकडलंच, तर ते बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांमुळे. एप्रिलच्या दुपारी बनियनने मान पुसत बसलेले पेठेतले काका तुम्हाला हे शांतपणे सांगतील, वर 'आमच्या लहानपणी घरात पंखा नव्हता' हेही ऐकवतील. पंखा हवेमुळे नव्हता की वडिलांच्या काटकसरीमुळे, हे विचारायचं नसतं. पुण्याचा 43.3 अंशांचा उच्चांक 30 एप्रिल 1897 चा आहे, हा विषयही काढायचा नसतो. तेव्हा ना आयटी पार्क होतं ना वाकड-हिंजवडीची गर्दी. बाहेरचे म्हणावेत तर इंग्रज होते. म्हणजे सिद्धांत तसा शाबूतच राहतो.

काकांच्या हाती एक पुरावाही आहे. हवामान खात्याने 1928 साली आपलं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला हलवलं. साक्षात शिमला सोडून पुणं! शिवाजीनगरला त्या इमारतीचं नाव अजून चौकाला आहे. ते मुख्यालय 1944 साली दिल्लीला गेलं, हा तपशील काका सांगत नाहीत. सिमला ऑफिस चौकातल्या सिग्नलला मे महिन्यात हेल्मेट घालून थांबलं की शिमला नेमका किती दूर आहे ते कळतं.

मुंबईकराचे ऋतू दोनच, घामाचा आणि तुंबण्याचा. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे, फरसाण मऊ, पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवट बुरशी. पण जानेवारीत पारा 16 वर उतरला की हाच माणूस सुटकेसमधून स्वेटर काढतो. सकाळच्या लोकलचा डबा डांबरगोळ्यांच्या वासाने भरून जातो आणि मफलर गुंडाळलेले गृहस्थ एकमेकांना 'काय पडलीय ना थंडी!' म्हणत सुखावतात. दहा वाजेपर्यंत स्वेटर कमरेला असतो. एवढ्या भांडवलावर मुंबईकर पुढचे अकरा महिने काढतो. त्याच्या काटकपणाला दाद द्यायला हवी.

नागपूरकराला मात्र ऊन सोसायचं नसतं, मिरवायचं असतं. होळी झाली की कूलर खाली उतरतो, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, पंप कुरकुरतो, त्याला दोन चापट्या बसतात आणि पहिल्या संध्याकाळी घरभर ओल्या वाळ्याचा वास सुटतो. पाहुण्याने 'फारच गरम आहे हो' म्हटलं की यजमान खूश. "हे काहीच नाही, मे महिन्यात या!" 2024 च्या मे महिन्यात शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने 56 अंश दाखवले, तेव्हा नागपूरचं नाव देशभर झालं. पुढे हवामान खात्याने यंत्रच बिघडल्याचं जाहीर केलं. एवढा मोठा मान असा काढून घेणं बरं नव्हे. चंद्रपूरकर गालातल्या गालात हसले असतील ते वेगळंच.

तर अशा आपापल्या आवडीनिवडी. गंमत एवढीच, की यातल्या बहुतेकांनी काही निवडलेलं नाही. वडिलांची बदली झाली, नोकरी लागली, भावाने वाटणीत खोली दिली, म्हणून तिथे राहिले आणि मग तिथल्या हवेवर प्रेम बसलं. ठरवून केलेल्या लग्नात बसतं तसं. हवा खऱ्या अर्थाने निवडली ती मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराने. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणं. पावसाळ्यासाठी गणेशखिंडीत चांगला मनोऱ्याचा वाडा बांधला, तिथे आता विद्यापीठ आहे. साहेबांना तिन्ही ऋतू आवडत, कारण एकही पुरता भोगावा लागत नसे. त्यांच्यामागून घाट चढणाऱ्या कारकुनांना आणि फायलींना कोणती हवा मानवत होती, याची नोंद कोणी ठेवली नसावी.

साहेब गेले, पद्धत राहिली. न्यू जर्सीला मुलाकडे गेलेले आईबाप बर्फ पडायच्या आत परततात आणि इकडे पंखा फुल झाला की पुन्हा व्हिसा शोधतात. बीडचे ऊसतोड कामगारही दरसाल बिऱ्हाड हलवतात, पण त्याला हवापालट म्हणायची पद्धत नाही.

या परंपरेचे खरे वारस मात्र आपले लोकप्रतिनिधी. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन नागपूरला व्हायचं असतं. हेतू हा, की सरकारने विदर्भाची दुःखं जवळून पाहावीत. ती पाहायला महिना निवडला डिसेंबर. म्हणजे संत्री, हुरडा आणि सकाळची कोवळी उन्हं. एवढ्या सुखद हवेत मोर्चेकऱ्यांच्या घोषणाही गोड लागत असतील. 2018 साली एकदा हिंमत करून पावसाळी अधिवेशन तिथे भरवलं, तर तिसऱ्याच दिवशी मुसळधार पावसाचं पाणी वीजयंत्रणेच्या खोलीत शिरलं, विधानभवन अंधारात गेलं आणि कामकाज तहकूब झालं. तळघरात पाणी शिरणं म्हणजे काय, हे निदान त्या दिवशी सभागृहाला भाषणाशिवाय समजलं.

आता मे महिन्याचा एक प्रयोग राहिला आहे. अधिवेशन चंद्रपूरला घ्यावं, बैठकीची वेळ दुपारी एक ते चार ठेवावी. एसी नको, कूलर चालतील. दर दोन तासांनी त्यांत बादलीने पाणी ओतायची पाळी पक्षीय बलाबलानुसार लावावी, आणि भारनियमनावर लक्षवेधी आली तर मंत्र्यांनी उत्तर देईपर्यंत वीज बंद ठेवावी.