सिस्टीमसाहेबांस, स. न. वि. वि.

रा. रा. सिस्टीमसाहेब,

आपली भेट कधी झाली नाही. काउंटरवरची मुलगी मात्र दर वेळी तुमचंच नाव घेते: 'सर, सिस्टीममध्ये दिसत नाही.' माझे वडील बारा दिवस तुमच्याकडे होते, सकाळ-संध्याकाळ त्यांचं रक्त काढलं, आणि आता ते तुम्हाला दिसतच नाहीत! मोतीबिंदू तर नाही ना? वेळीच दाखवून घ्या.

परवा रस्त्यापलीकडच्या किडनीच्या डॉक्टरांनी जुनं क्रिएटिनिन विचारलं. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर 'रिपोर्ट सोबत जोडले आहेत' असं छापलंय. सोबत होती सीटी स्कॅनची सीडी. सीडी! ती लावायची कशात? शेवटी रक्त पुन्हा काढलं. पंच्याहत्तरीतल्या हाताला शीर सापडेना, तिसऱ्या टोचणीला सापडली.

तंत्रज्ञान अवघड असतं, मान्य. पण त्याच मुक्कामात विमा कंपनीकडे तुमचे रिपोर्ट, बिलं, अगदी हातमोज्यांचा हिशेबसुद्धा दुपारच्या चहाआधी पोहोचला होता. तेव्हा तुमची नजर घारीची होती.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. वडिलांकडे त्या मिशनचा चौदा आकडी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य-ओळख क्रमांक, आहे. तुमच्याच दारातला क्यूआर कोड स्कॅन करून आम्ही ओपीडीचं टोकन घेतलं होतं. म्हणजे माणूस आत घेताना आभा चालतो. त्याची माहिती बाहेर सोडायची म्हटली की सर्व्हर डाऊन. खरं तर नोंदी तुमच्याकडेच राहायच्या, रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला दिसायच्या, अशी ही रचना. सगळ्या संगणकांना समजेल अशी 'फायर' नावाची भाषाही ठरलेली आहे. खासगी रुग्णालयांना सामील होणं ऐच्छिक आहे, आणि तुमची इच्छा कुठे अडते ते आता कळलं. मौनं सर्वार्थसाधनम्! त्यातला 'अर्थ' मला दुसऱ्या लॅबच्या पावतीवर वाचायला मिळाला.

असो. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय. तेव्हा आभा नव्हता, फायर नव्हती. कागद आणि झेरॉक्स एवढंच गृहीत होतं. अर्ज आज सकाळी अकराला दिला, शिक्क्यासह पोच घेतली. तास मोजतो आहे.

आपला,
पुन्हा रांगेत उभा असलेला एक मुलगा