एकोणीस डॉलरचं आमिष

अमेरिकेत रात्री दाराबाहेर अडकलेल्या माणसाला मोबाइलवर कुलूपवाला चुटकीसरशी सापडतो. नंबर स्थानिक, दर म्हणे 19 डॉलर. फोन मात्र खणखणतो दूरच्या कॉल सेंटरमध्ये, आणि नकाशावरच्या त्या दुकानाच्या जागी अनेकदा दुकानच नसतं.

मग बिननावाच्या गाडीतून एक गृहस्थ उतरतो. कुलूप निरखून चुकचुकतो, ‘हे हाय सिक्युरिटी आहे’ म्हणतो आणि सरळ ड्रिल लावतो. घरातली साधी कुलपं मुरलेला कारागीर सहसा न फोडताच उघडतो. पण फोडल्याशिवाय नवं खपणार कसं? बिल शेकड्यांत, शक्यतो रोख. तिथलं फेडरल ट्रेड कमिशन सांगतं: एकूण खर्च आधीच विचारा, ओळखपत्र पाहा. थंडीत कुडकुडणाऱ्याने हे सगळं शांतपणे करायचं!

मार्च 2025 मध्ये गूगलनेच आपल्या नकाशावरच्या बोगस नोंदींविरुद्ध खटला गुदरला. टेक्ससमधल्या एका व्यावसायिकाने तक्रार केली होती, की परवाना नसलेला कुलूपवाला आपलं नाव वापरतोय. धागा ओढल्यावर दहा हजारांहून जास्त नोंदी हाती लागल्या.

आपल्याकडचा भामटा कॉल सेंटरच्या भानगडीत पडत नाही. चाव्यांचा जुडगा वाजवत दारात येतो, कपाटाची चावी बनवताना घरच्यांना तेल आणायला आत पिटाळतो आणि दागिने लांबवतो. जाताना बजावतो, ‘कुलूप गरम आहे, संध्याकाळपर्यंत उघडू नका.’ घरचे इमानेइतबारे थांबतात.