डिक्शनरीकाका

सोसायटी म्हटली की एक गळकी टाकी आणि एक डिक्शनरीकाका आलेच. टाकीबद्दल जनरल बॉडीत निदान ठराव तरी होतो. काकांबद्दल कोण ठराव मांडणार? मांडलाच, तर त्याचं इंग्रजी तेच तपासणार.

आमचे काका बँकेतून निवृत्त झालेले. डोंबिवलीतल्या पुष्कळ काकांसारखेच. लहानपणी वडिलांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून घेतलेली, पुढे रेन अँड मार्टिनने उरलीसुरली कसर काढलेली. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, गुडघे दाखवायला जातात, नातवंडं सांभाळतात. काकांनी क्रियापदं सांभाळायला घेतली.

जिन्यात लोक थुंकतात म्हणून सोसायटीने नोटीस लावायचं ठरवलं आणि मजकूर अर्थातच काकांकडे गेला. दोन दिवसांनी फलकावर झळकलं: ‘मेंबर्स अँड व्हिजिटर्स आर रिक्वेस्टेड टू रिफ्रेन, डेसिस्ट, अब्स्टेन अँड फॉरबेअर फ्रॉम स्पिटिंग.’ एका थुंकण्याला चार क्रियापदं! काकांच्या उशाशी रॉजेटचा थिसॉरस असतो. पीटर मार्क रॉजेट नावाच्या डॉक्टराने तो 1852 साली छापला. अर्थावरून शब्दांचे गट पाडले, की लिहिणाऱ्याला हवा तो एक शब्द चटकन सापडावा, ही डॉक्टरांची कल्पना. एक सापडल्यावर बाकीचे सोडून द्यायचे असतात, हे काकांना कुणी सांगितलेलं नाही. आठवडाभर लोक नोटीस वाचत उभे राहिले आणि उभ्या उभ्या थुंकले. मग वॉचमनने खाली खडूने लिहिलं, ‘थुंकू नये.’

पण प्रतिशब्द हा काकांचा फावल्या वेळचा छंद. त्यांचं खरं दैवत एकच, ‘सेट’ हे क्रियापद. नवा भाडेकरू आला की काका त्याला लिफ्टमध्ये गाठतात. “काय रे, इंजिनीअर ना तू? सेटचे अर्थ किती, सांग.” तो बिचारा चार-पाच सांगतो. सूर्य मावळतो तो सेट होतो, सापळा सेट करतात, पेपर सेट करतात. तोवर त्याचा मजला येतो. काका दारात पाय घालून लिफ्ट थांबवतात आणि म्हणतात, “चारशे तीस.”

आकडा खोटा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली वीस खंडांत निघाली. तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. नुसत्या सेटचे 430 अर्थ, शिवाय सेट अप, सेट ऑफ, सेट आउट ही पिलावळ धरून साधारण 580. एका शब्दाचे अर्थ सांगायला साठ हजार शब्द खर्ची पडले. काकांनी ते खंड एका ग्रंथालयात काचेमागे पाहिले, तेव्हा बाहेर काढलेली चप्पल पुन्हा पायात घालायला ते विसरले होते, असं काकू सांगतात.

वंशावळही त्यांना तोंडपाठ. सेट म्हणजे मुळात ‘सिट’ला करायला लावणं, बसणे-बसवणे असा मामला. आणि हा ‘सिट’ संस्कृतच्या ‘सद्’ धातूचा सख्खा भाऊबंद. त्यामुळे संसद, उपनिषद आणि सेट हे एकाच गोत्राचे, हे काका मुंजीत, बारशात, एकदा तर तेराव्यालाही सांगून आले आहेत. मात्र चहाच्या सेटला त्यांच्या घरात हा मान नाही. तो लॅटिनच्या ‘सेक्टा’पासून फ्रेंचमार्गे आलेला, म्हणजे दुसऱ्या घराण्यातला, नुसता दिसायला सारखा. पाहुण्यांच्या हातात कप देताना काका हे स्पष्ट करतात.

आपल्या लोकांनी या क्रियापदाची चालवलेली परवड त्यांना बघवत नाही. ‘मुलगा अमेरिकेत सेट झालाय,’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की काका कळवळून म्हणतात, “सेटल! सेटल म्हण! सेट होतं ते सिमेंट.” ‘महापालिकेत आपली सेटिंग आहे’ हा अर्थ तर चारशे तिसांत शोधूनही त्यांना सापडला नाही. तळमजल्यावरची मुलगी पेढे घेऊन आली, “काका, मी सेट पास झाले.” प्राध्यापक व्हायला द्यावी लागणारी राज्याची पात्रता परीक्षा ती. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “पण काय सेट केलंस?” या सगळ्या काळात त्यांना एकच समानधर्मी भेटला, तो म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारा मिस्त्री. “काका, दोन दिवस वर चालू नका, माल सेट होऊ द्या,” असं तो म्हणाला, तेव्हा काकांनी त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

मी एकदा त्यांच्याकडे मेन्टेनन्सचा चेक द्यायला गेलो आणि अर्थ क्रमांक साठच्या आसपास अडकलो. काकू भजनाला निघाल्या होत्या. चपला शोधता शोधता म्हणाल्या, “अहो, कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. देवाजवळ दिवा लावा. दही मी आल्यावर लावीन. रेडिओ लावलात तर हळू लावा, शेजारच्या बाळाचा आत्ताच डोळा लागलाय. गॅसवाल्याला फोन लावून ठेवा, तो आला की सिलिंडर लावून घ्या. आणि ह्यांना उगीच बोलण्यात गुंतवून उशीर लावू नका. येते, दार लावून घ्या.”

काका हो हो म्हणाले, दार लावून आले आणि माझ्याकडे वळून भारावलेल्या आवाजात म्हणाले, “एकच क्रियापद इतकी कामं करतंय, असं इंग्रजीशिवाय कुठं बघायला मिळेल तुला?”

मी काही बोललो नाही. कुकरची चौथी शिट्टी झाली.

2011 साली काकांवर आघात झाला. कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीचं काम ‘एम’पासून सुरू झालं होतं. वाटेत 2000 साली ‘मेक’ने आणि 2007 साली ‘पुट’ने सेटला मागे टाकलं होतंच, पण ती बातमी डोंबिवलीपर्यंत आली नव्हती. मग ‘रन’ने 645 अर्थांचा उच्चांक केला आणि तो पेपरात छापून आला. नळाचं पाणी रन होतं, धंदा रन होतो, प्रोग्रॅम रन होतो, निवडणुकीलाही माणूस रन करतो. काका दोन दिवस खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा चेहरा उजळलेला होता. म्हणाले, “अरे, ‘आर’पर्यंतच आलेत ते. ‘एस’ अजून यायचाय!”

तुमच्याही इमारतीत असे एक काका असतील. घरात लग्न निघालं, की इंग्रजी पत्रिका छापण्याआधी त्यांना जरूर दाखवा. एकही चूक राहणार नाही. फक्त मुहूर्ताच्या तीन महिने आधी द्या, आणि त्यांच्यासमोर ‘रन’ हा शब्द काढू नका.