रुंदीकरण

अण्णांच्या गाडीचं रुंदीकरण दर वर्षी येत्या दिवाळीत व्हायचं असतं. गाडी 2001 सालची होंडा सिटी व्हीटेक, दीड लिटर, 106 अश्वशक्ती. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, वाड्याच्या आवारात उभी असते. रंग मूळचा, पत्रा मूळचा, चाकं मूळची. तरीही गल्लीतली पोरं तिला 'अण्णांची वाइडबॉडी' म्हणतात, कारण ती जशी आहे तशी अण्णा कुणाला बघूच देत नाहीत. "हितनं असं फुगून येणार, आणि हितं खाली कापणार," असं म्हणत ते दोन्ही हातांनी हवेत मडगार्ड उभं करतात. बघणाऱ्यालाही थोड्या वेळाने ते दिसायला लागतं. मी एकदा त्या हवेतल्या मडगार्डाला वळसा घालून गेलो आहे.

पोटापाण्याला अण्णा महापालिकेच्या नगररचना विभागात. दिवसभर लोकांच्या सज्ज्यांना टेप लावायचा, नकाशाबाहेर वीतभर सरकलेल्या पायरीला नोटीस काढायची. आणि संध्याकाळी तोच टेप घेऊन स्वतःची गाडी नकाशाबाहेर किती काढता येईल याचा हिशेब मांडायचा.

लग्नाला गेले की अण्णा आधी पार्किंगमध्ये. उकिडवे बसून टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत दोन बोटं घालून बघतात. रखवालदार हटकतो. वहिनी तोवर आहेर देऊन, जेवून, पान घेऊन बाहेर येतात. माणसं अण्णांना चेहऱ्याने लक्षात राहत नाहीत. "ते ओ, सतरा इंची, मागचं चाक आत गेल्यालं" म्हणजे वहिनींचे सख्खे मामा.

आता एवढा जाणता माणूस अडलाय कुठे? तर चाकं ठरल्याशिवाय रुंद मडगार्डांचं किट ठरत नाही, आणि किट ठरल्याशिवाय चाकं. मडगार्ड किती फुगवायचं ते चाक किती बाहेर येतं त्यावर. आणि चाक किती बाहेर आणायचं ते मडगार्ड किती फुगणार त्यावर. साडेपाच इंच रुंदीचं, 45 ऑफसेटचं, म्हणजे मध्यरेषा हबापासून 45 मिलिमीटर आत असलेलं चाक काढून तिथे आठ इंची, शून्य ऑफसेटचं लावलं, की बाहेरची कड जवळजवळ 77 मिलिमीटर बाहेर येते. हे गणित अण्णा कुठल्याही कागदावर मांडतात. त्यांच्या घरातल्या लग्नपत्रिका, वीजबिलं, वाणसामानाच्या याद्या, सगळ्यांच्या पाठीवर 77 लिहिलेलं सापडतं.

मध्यंतरी एका शेजाऱ्याने स्विफ्टची अलॉय व्हील्स फुकट देऊ केली. अण्णांनी पत्रिका बघावी तशी ती तपासली. बोल्टांचं वर्तुळ जुळलं: चार बोल्ट, 100 मिलिमीटर, दोन्हीकडे एकच. पण मधलं भोक 54.1 आणि होंडाचा हब 56.1. "दोन मिलिमीटरनं मोडलं," अण्णा म्हणाले. आता उद्यमनगरात, जिथे अख्खी इंजिनं घडतात, तिथे लेथवर दोन मिलिमीटर काढणं म्हणजे चहा येईपर्यंतचं काम. तसं कुणीतरी सुचवलंही. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने स्वतःचा चहाही घेतला नाही. भोक मोठं असतं तर आत रिंग घालून भरून काढता आलं असतं. लहान भोक कापायचं म्हणजे त्यांच्या मते चाकाचा अपमान. मला मात्र वाटतं, चाकं फुकट मिळाली आणि बसलीही, तर पुढे काय करायचं याची त्यांना धास्ती होती.

किटमध्ये अण्णांना तीन पंथ माहीत आहेत आणि तिन्हींबद्दल आदर आहे. पहिला बोल्टवाला जपानी पंथ: मूळ पत्रा कापायचा आणि वरून फायबरचं फुगीर मडगार्ड उघड्या बोल्टांनी ठोकायचं. यातले त्यांचे देव दोन. क्योतोचे केई मिउरा गाडी स्कॅन करून संगणकावर मिलिमीटर-मिलिमीटर आखतात. आणि पोर्शवाले अकिरा नाकाई करवत हातात घेतात, सिगारेट पेटवतात आणि नजरेच्या अंदाजाने कापत सुटतात. अण्णा भक्ती नाकाईंची करतात आणि आचरण मिउरांचं. त्यातही फक्त आखण्यापर्यंतचं. दुसरा पंथ पत्रा ठोकून, ओढून, जोड दिसणार नाही असं मडगार्ड काढणाऱ्यांचा. त्याला पैसा लागतो आणि हात सोन्याचा लागतो. तिसरा चौकोनी खांद्यांचा. बीएमडब्ल्यूची पहिली एम-थ्री, लान्सियाची डेल्टा इंटेग्राले, ऑडीची क्वात्रो या 1980 च्या दशकातल्या गाड्या. तिथे ते फुगणं शोभेपुरतं नव्हतं. शर्यतीला रुंद टायर हवे होते, टायर झाकायला मडगार्ड हवं होतं. "कारण आधी, फुगवटा नंतर," असं अण्णा बजावतात. त्यांच्या स्वतःच्या गाडीचं कारण काय, हे विचारायचं नसतं. ती रंकाळ्यापर्यंत जाते आणि भेळ खाऊन परत येते.

या गाडीसाठी तयार किट काही मनासारखं मिळेना, तेव्हा साचा इथेच करायचं ठरलं. अण्णांनी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत एका मूर्तिकाराला गाठलं. तो फायबरचंही काम करतो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मांडी भरीव घेऊया, पण गणपती झाल्यावर." गणपती झाले. नंतर देवीच्या मूर्ती आल्या. मग त्याने विचारलं, "चाक केवढं बसणार?" आणि विषय पुन्हा पहिल्या पानावर गेला.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अण्णांना तोंडपाठ आहे. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही; जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. इथवर अण्णांचा आवाज ऑफिसातला असतो. मग तो खाली येतो. "पर बोल्टवर असंल तर काढता येतंय की. तात्पुरतं बांधकाम." पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी आरटीओपुढे उभं राहावं लागतं, तेवढ्यापुरतं काढायचं, मग पुन्हा चढवायचं. बोल्ट काढल्यावर खालचा कापलेला पत्रा दिसेल त्याचं काय, यावर ते काही बोलत नाहीत. असंच उत्तर त्यांच्या टेबलासमोर कुणी सज्जावाल्याने दिलं असतं, तर त्याला दुसरी नोटीस गेली असती.

याच माणसाकडे दुसऱ्याची गाडी आणा. परवा एक कॉलेजचं पोरगं जुनी गाडी घेऊन आलं. त्याला सतरा इंची चाकं आणि चपातीएवढे पातळ टायर हवे होते. अण्णांनी गाडीभोवती फेरीही मारली नाही. "आरं लगा, गगनबावड्याच्या खड्ड्यात रिम चौकोनी हुईल. पंधरा इंच घे, टायर 195/50. तुझा आत्ताचा 175/65 चौदाचा हाय. एकूण उंचीत सात मिलिमीटरचाच फरक. वेगाचा काटा खोटं बोलणार न्हाई." पोरगं आठ दिवसांत चाकं घालून पेढे घेऊन आलं. अशी मार्गी लावलेली चाकं पेठेत गल्लोगल्ली फिरताना दिसतात. दुसऱ्याच्या गाडीला अण्णांचा निकाल जागच्या जागी. स्वतःच्या फाइलवर मात्र शेरा कायम एकच, 'चर्चा करावी'.

यंदा मात्र हालचाल दिसते आहे. गाडीची मूळ रुंदी 1690 मिलिमीटर. दोन्ही बाजूंना 75 धरले तर 1840, म्हणजे फॉर्च्युनरच्या अंगाला अंग. हा आकडा अण्णांनी मोठ्याने वाचला, तेव्हा वहिनी पोळ्या लाटत होत्या.

"अहो, मग ती आत कशी यायची?"

अण्णा टेप घेऊन गेटाशी गेले. गाडी आजही आरसे दुमडूनच आत येते. त्यांनी तीनदा मापलं, खडूने खांबावर खूण केली, लांब उभं राहून बघितलं. चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी हजर. उजव्या हाताचा खांब पाडायचा, गेट नवीन करायचं, खर्चही मान्य. वहिनींनीही हरकत घेतली नाही. निदान काहीतरी रुंद होतंय, असं त्यांना वाटलं असावं.

गवंड्याने पहार टेकवून विचारलं, "किती फुटाचं काढू?"

अण्णांनी गेटाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि टेप गुंडाळून खिशात घातला.

"थांब की जरा. चाकं ठरू देत."