डबल बेल, हेडफोन आणि फुई

शिंदखेड्याहून म्युझियम बघायला निघायचं म्हणजे आधी ओट्यावर सभा भरते. धुळ्याला जायचं तर एसटी, जळगावला जायचं तर रेल्वे. आमच्या शेजारचे जिभाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. "जिंदगीभर उभ्याने गेलो, आता बसून जाऊ द्या," असं म्हणून त्यांनी एसटीचा निकाल लावला. मी दबक्या आवाजात धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं नाव काढलं. ते म्हणाले, "ते १९२७ पासून तिथंच आहे. कुठं पळून जातंय?"

म्हणून जळगाव. जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ.

मंडळी अशी: जिभाऊ, माझी फुई (म्हणजे आत्या) आणि भाचा. फुईचं वय विचारलं की ती "फैजपूरच्या काँग्रेसनंतरचा जन्म" असं सांगते, पुढचा हिशोब आपण करायचा. भाचा बारावी झालेला. तो यायलाच तयार नव्हता. तिथं टच स्क्रीन आहेत असं सांगितल्यावर त्याने बूट शोधायला घेतले.

सुरत–भुसावळ लाइनवरच्या गाडीत बसल्यावर खानदेशी माणसाला स्टेशनपेक्षा डबा आधी आठवतो. नरडाणा यायच्या आत फुईने कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला. समोरच्या बाकावरचा अनोळखी माणूस बेटावदपर्यंत आमच्यातलाच झाला होता. भाच्याचं लक्ष मात्र मोबाइलमध्ये. म्हणे, एवढं लांब जायची गरजच काय, २०११ पासून गूगलने जगभरची म्युझियमं फोनमध्ये आणून ठेवली आहेत, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयसुद्धा त्यात आहे, घरी गादीवर पडून बघता येतं. जिभाऊंनी विचारलं, "तिकीट किती?"

"फुकट."

"मग बघितलं का तू?"

भाच्याने खिडकीबाहेर पाहिलं. अमळनेर आलं होतं.

जिभाऊंचा सिद्धांत असा की पास असलेला माणूस गाडीत चढून झोपतो आणि तिकीट काढलेला माणूस खिडकी मागतो. मला यात तथ्य वाटतं. फोनमध्ये जे कायमचं आहे ते उद्या बघू म्हणून राहून जातं. भाड्याचे पैसे मोजून, भाकरी बांधून जे बघायला जावं ते डोळे फाडून बघितलं जातं.

म्युझियममधल्या क्यूआर कोडशी तर जिभाऊंची जुनी ओळख आहे. मागे एका शहरातल्या एका म्युझियममध्ये (नाव कशाला घ्या) आम्ही गेलो होतो. एका देखण्या दगडी मूर्तीशेजारी काळ्या-पांढऱ्या चौकटीचं स्टिकर चिकटवलेलं होतं. जिभाऊंनी सवयीने फोन काढला, स्टिकरवर धरला आणि मूर्तीकडे बघून मला विचारलं, "किती टाकू? अकरा की एकवीस?" आपल्याकडे चहावाला, भाजीवाली, देवळाची दानपेटी सगळीकडे हीच चौकट, तिचा अर्थ 'पैसे टाका' याशिवाय दुसरा असू शकतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मुळात ही चौकट जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढली. तिथून ती देवाच्या शेजारी येऊन बसली. असो. फोनवर बराच वेळ एक गोल फिरत राहिला आणि मग इंग्रजीत पाटी आली की असं पानच नाही. जिभाऊ म्हणाले, "बरं झालं, पैसे वाचले."

जळगावला उतरून रिक्षाने जैन हिल्स गाठलं. टेकडीवरच्या झाडीत दगडी इमारत. २५ मार्च २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी तिचं उद्घाटन केलं. त्याही जळगावच्याच, म्हणजे माहेरचाच कार्यक्रम. आतल्या म्युझियमचं नाव 'खोज गांधीजी की'. इथं काचेआड वस्तू मांडून पाटी वाचायला लावत नाहीत. कानाला हेडफोन लावून दालनामागून दालन चालायचं. टच स्क्रीन आहेत, बायोस्कोप आहे, गोष्ट कानात चालू असते आणि चित्र समोर येत जातं. भाचा पहिल्याच स्क्रीनला चिकटला. घरी चहाची कपबशी न उचलणारा हा मुलगा तिथं बोटाने पानं उलटत वाचत उभा होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

फुईच्या पदरावरून हेडफोन चढवला तेव्हा ती दचकली. "हाई कानमा काय घाली दिधं रे?" हे ती इतक्या मोठ्याने बोलली की पुढच्या दालनातली माणसं वळली. कानात आवाज सुरू असला की माणसाला वाटतं जग बहिरं झालंय. जिभाऊ तिच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून ओरडले, "फुई, ऐकू येतंय का?" ती ओरडली, "येस, येस!" शेजारच्या इंग्रजी शाळेच्या पोरांना वाटलं म्हातारी इंग्रजी बोलतेय. अहिराणीत 'येस' म्हणजे 'येतं', हे मी त्यांना सांगत बसलो नाही. फुईचा भाव वाढला होता, तो का उतरवा?

आणि मग जिभाऊंमधला कंडक्टर जागा झाला. कानातली गोष्ट संपली की ते हात उंचावून म्हणत, "चला, डबल! पुढे सरका, मधे जागा आहे!" अनोळखी लोक, एक गुजराती कुटुंब, ती इंग्रजी शाळा, सगळे त्यांचं ऐकून पुढे सरकत. मला ॲमस्टरडॅमचं स्टेडेलिक म्युझियम आठवलं. १९५२ मध्ये तिथं जगातला पहिला ऑडिओ गाइड निघाला. टेपवरचं भाषण रेडिओने दालनात सोडायचे, हाती दिलेल्या यंत्रातून सगळे एकदमच एक वाक्य ऐकायचे आणि एकदमच एका चित्राकडे वळायचे. मागे राहिलेल्याला पुन्हा ऐकायची सोय नाही, पुढे पळणाऱ्याला घाई करायची सोय नाही. त्यांनी तेव्हा धुळे डेपोतून एक माणूस मागवला असता तर जिभाऊंचं सोनं झालं असतं.

एका दालनात सभेच्या गर्दीचा जुना फोटो होता. फुई त्याच्यासमोर थांबली ती हलेना. जिभाऊंनी दोनदा डबल दिली. तिने हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि फोटोकडे बोट करून म्हणाली, "मना बाप गयथा ना फैजपूरले."

फैजपूर म्हणजे यावल तालुक्यातलं. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा शहर सोडून खेड्यात भरलं ते तिथं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मांडव, कमानी सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांना बोलावलं आणि त्यांनी गावातला बांबू, गावातलंच सामान घेऊन नगर उभं केलं. हे मला पुस्तकातून माहीत. फुईला माहीत होतं ते वेगळंच: बाप पायी गेला, भाकरी बांधून नेली, दोन रात्री थंडीत शेकोटीशी बसून काढल्या, आणि परत येताना एक चप्पल हरवून आला.

हे ती अहिराणीत, हातवारे करत, पूर्ण आवाजात सांगत होती. इंग्रजी शाळेच्या पोरांनी एकेकाने हेडफोन काढले. गुजराती कुटुंब थांबलं. कुणीतरी विचारलं, "मग गांधीबाबा दिसले का त्यांना?"

"नही रे," फुई म्हणाली. "गर्दी दिखनी."

सगळे हसले, फुईसुद्धा. भाचा केव्हा स्क्रीन सोडून आला आणि केव्हा रेकॉर्डिंग चालू केलं, कळलं नाही. परतीच्या गाडीत धरणगावच्या अलीकडेच ते आमच्या घरच्या ग्रुपवर पडलं आणि सुरतला स्थायिक झालेल्या चुलत्यांचा उलट निरोप आला की चप्पल हरवली हे खोटं, ती विकली होती. फुई फोनशीच भांडायला लागली. त्या ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगची फुलं सोडून काही येत नाही. त्या रात्री फैजपूरवर भांडण झालं.

आता तंत्राचं कौतुक करताना एक गोष्ट आठवावी लागते. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या कर्जातून मोठं पर्यटक केंद्र झालं, आत लेण्यांच्या प्रतिकृती, पडदे, सगळं नवं. काही वर्षांत वीज-पाण्याची बिलं थकली आणि त्याला कुलूप लागलं. वाकाटकांच्या काळातली चित्रं दीड हजार वर्षं टिकली ती बहुधा मीटर नव्हतं म्हणून. उलट १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, आणि साने गुरुजी खाली बसून लिहून घ्यायचे. रेकॉर्डर नाही, चार्जर नाही. त्यातून 'गीता प्रवचने' झालं आणि अजून घरोघर वाचलं जातं. ऐकणारा चांगला असला की यंत्राचं काम अर्धं होतं.

म्हणून माझं भाच्याच्या वयाच्या शिंदखेडेकरांना एवढंच सांगणं. ज्यांच्या नावाचं ते मंडळ, त्या इतिहासकार राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला. तुम्हाला एवढं हिंडायचं नाही. मुडावदला तापी-पांझरेच्या संगमावर कपिलेश्वराच्या ओट्यावर म्हातारी माणसं बसलेली असतात. त्यांच्या शेजारी जाऊन बसा, फोन काढा, आणि एकदा तरी त्यात त्यांना बोलू द्या. मग ते आवाज घेऊन धुळ्याला राजवाडे मंडळात जा आणि विचारा, इथल्या एखाद्या मूर्तीशेजारी हे अहिराणीत ऐकवता येईल का. त्या क्यूआर चौकटीच्या वर मात्र मोठ्या अक्षरात लिहा: पैसे टाकू नका, ऐका. जिभाऊ येणार आहेत.